नेट बंद, अर्ज मात्र ऑनलाइनच

एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात दाखल्यासाठी बसले होते. रस्त्याच्या खोदकामात केंद्राचं फायबर तुटलेलं, म्हणून चालक स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम रेटत होता. अडीचच्या सुमाराला स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागलं ते थांबेचना. त्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकून काढला, सिम काढून शर्टाला पुसलं, परत घातलं, मग दारात जाऊन समोरच्या मेडिकलवाल्याला ओरडून विचारलं, “तुझंबी गेलं का?” त्याचंही गेलं होतं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला एका मोर्चाला हिंसक वळण लागलं होतं आणि अख्ख्या जिल्ह्याचं मोबाइल इंटरनेट बंद केलं होतं. हे आम्हाला तासाभराने कळलं, तेही एसटीच्या कंडक्टरकडून.

माझं काही अडलं नाही, दाखला पुढच्या आठवड्यात मिळाला. पण बाकावर एक कॉलेजची मुलगी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तिची ती शेवटची तारीख. फॉर्म भरून झालेला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट सगळं चढवलेलं, फक्त ‘सबमिट’ दाबायचं राहिलेलं. रात्री केंद्र बंद होईपर्यंत ती तिथेच बसून होती, असं चालकाने नंतर सांगितलं. पुढे तिने तक्रार करून पाहिली. तक्रारीचं कारण निवडायच्या यादीत कागदपत्र अस्पष्ट, बँक खातं जुळत नाही, आधार लिंक नाही अशी बरीच कारणं होती. ‘जिल्ह्यात नेट बंद होतं’ हे त्या यादीत नव्हतं.

त्या दिवशी नेट बंद करायला हवं होतं की नव्हतं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि मी पुढे बोलणारच आहे. पण आधी त्या यादीबद्दल. एकीकडे सरकार सांगतं की अर्ज ऑनलाइनच करा, कागदावरचा घेणार नाही. दुसरीकडे तेच सरकार नेट ही जणू आपण दिलेली चैन आहे, मनात आलं की काढून घेऊ, अशा थाटात वागतं. या दोन गोष्टी एकाच सरकारला एकाच वेळी करता येऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. सक्ती केली की बंदीचा हक्क आक्रसतो. उरतो तेवढा वापरायचा असेल, तर नुकसानीची जबाबदारीही सोबत घ्यावी लागते.

सक्ती हा शब्द मी उगाच वापरत नाही. २०२१ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीतून करावी लागते. बांधावर उभं राहून फोटो काढायचा, आणि बांधावर रेंज असतेच असं नाही. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची असा नियम झाला. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर थंब लागल्याशिवाय धान्य निघत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपी मागितला होता. ज्या बाईचे नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत, तिने ओटीपी आणायचा कुठून, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना आधी पडला नाही, बायकांनी ओरड केल्यावर पडला. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळाने मान टाकली.

आणि पैसा? ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ‘कॅशलेस व्हा’ हा मंत्र आपल्याला रेडिओपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत ऐकवला गेला. लोक झालेही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो आणि गिऱ्हाईक पाकीट घरी विसरलंय हे त्याला दिवसभर कळतही नाही. ज्या दिवशी नेट जातं त्या दिवशी मात्र पहिलं विकलं जायचं थांबतं ते याच गाडीवरचं. मॉलमधलं कार्डाचं यंत्र बऱ्याचदा ब्रॉडबँडवर चालतं, ते चालूच राहतं.

नेटबंदीच्या चर्चेत सहसा न बोलली जाणारी गोष्ट इथे येते. आपल्याकडे ‘इंटरनेट बंद’ म्हणजे बहुतेक वेळा मोबाइल डेटा बंद. घरातलं फायबर, ऑफिसचं वायफाय अनेकदा सुरूच असतं. आणि देशातल्या इंटरनेटच्या दर शंभर जोडण्यांपैकी पंचाण्णवांहून अधिक बिनतारी, म्हणजे मुख्यतः मोबाइलवरच्या आहेत. कचेरीत बसून बंदीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर नेट असतं, आदेशाची बातमी करणाऱ्या वृत्तपत्राच्या कार्यालयात असतं, त्या बातमीवर मतं देणाऱ्या माझ्यासारखीच्या घरातही असतं. २८ दिवसांचं रिचार्ज मारून नेट वापरणाऱ्याचं तेवढं जातं. ते २८ दिवस मोजणं मात्र थांबत नाही, बंदीच्या काळातही पॅक आपला संपत राहतो.

भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना एक फरक लगेच कळेल. तेव्हा आपण वीज मंडळाला मनसोक्त शिव्या दिल्या. पण निदान वेळापत्रक तरी असायचं: या फीडरवर सकाळी सहा ते दहा, त्या फीडरवर रात्री. पीठगिरणीवाला त्याप्रमाणे दळण घ्यायचा. वीज गेली म्हणून दिवा लावायला कोणी मनाई केली नव्हती. नेट जातं तेव्हा किती वेळ, कोणत्या भागात, कुणाच्या आदेशाने, यातलं काहीही कळत नाही. गेल्याचं कळतं ते फिरणाऱ्या चक्रावरून.

कायद्यात हे असं असायला नको होतं. फार काळ जिल्हाधिकारी जमावबंदीच्या १४४ कलमाचाच आधार घेऊन नेट बंद करत. २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनात गुजरातने तेच केलं आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ते उचलूनही धरलं. २०१७ साली केंद्राने वेगळे नियम केले, त्यांचा पाया मात्र १८८५ चा तार कायदा. (तार स्वतः २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तिचा कायदा पुढे दहा वर्षं आपलं नेट बंद करायला पुरला.) त्या नियमांनुसार आदेश काढायचा तो गृहसचिवाने, आणि मुख्य सचिवांच्या समितीने कामकाजाच्या पाच दिवसांत तो तपासायचा. मग काश्मीर आलं. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथे सगळंच बंद झालं. ॲड्. वृंदा ग्रोव्हर यांनी मांडलेल्या, ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला निकाल दिला: बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेपुरतीच हवी, आदेश प्रसिद्ध करावा लागेल म्हणजे नागरिकाला त्याविरुद्ध कोर्टात जाता येईल. निकाल चांगला होता. काश्मिरात फोर-जी परत आलं ते त्यानंतर वर्षाहून अधिक काळाने, ५ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात कोविड येऊन ठाण मांडून बसला होता आणि तिथली मुलं टू-जीवर ऑनलाइन शाळा शिकत होती.

आदेश प्रसिद्ध करा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून आता वर्षं झाली. दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे नोव्हेंबर २०२४ चे नियम हेच सांगतात, शिवाय एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस ठेवतात. तरी आपल्या जिल्ह्यातल्या मागच्या बंदीचा आदेश शोधून पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणारा, वाकडा स्कॅन केलेला, अर्धा सही-शिक्का कापला गेलेला एक कागद मिळाला तर नशीब. आता गंमत अशी की तो फिरतो व्हॉट्सॲपवर, म्हणजे नेट परत आल्यावर.

निकाल लागणं आणि निकाल ठाण्यापर्यंत पोचणं यातलं अंतर आपल्याला नवं नाही. २०१२ साली पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, त्यावरून माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम देशभर गाजलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं की पोलीस अजूनही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवतायत. न्यायमूर्तींना धक्का बसला. आपल्याला बसायला हरकत नव्हती, पण सवय झाली आहे.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, आणि तिची टर उडवणाऱ्यांशी माझं पटत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून देशभर फिरत होती. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगल पेटली ती व्हॉट्सॲप स्टेटसवरून. रात्री दोन वाजता ज्या पोलीस अधीक्षकाच्या हद्दीत जमाव गोळा होतोय, त्याच्या हातात, वरून आदेश मागवायचा असला तरी, एक बटण आहे, आणि ते दाबलं नाही म्हणून सकाळी माणूस मेला तर जाब त्यालाच विचारला जाणार आहे. बटण दाबलं म्हणून एका मुलीची शिष्यवृत्ती गेली, तर त्याला कोणी काही विचारणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित दाबलं असतं. म्हणूनच हा निर्णय त्याच्या एकट्याच्या भीतीवर सोडू नये, असं मला वाटतं.

कारण बटणाने काम होतं का, हे कोणी मोजलेलंच नाही. संसदेच्या माहिती तंत्रज्ञान स्थायी समितीने २०२१ च्या डिसेंबरात या विषयावर अहवाल दिला. सरकारकडे नेटबंदीची केंद्रीय नोंदच नाही, पोलीस आणि सुव्यवस्था हे राज्यांचे विषय म्हणून ती ठेवलेली नाही, आणि बंदीने नेमका काय फायदा झाला याचा अभ्यासही नाही, यावर समितीने बोट ठेवलं. एखाद्या गावात हातपंप बसवला तरी त्याचा उपयोगिता दाखला मागणारी आपली व्यवस्था. आणि देशात किती वेळा नेट बंद झालं, हे आपल्याला ‘ॲक्सेस नाऊ’ या परदेशी संस्थेकडून कळतं. त्यांच्या मोजणीत २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षं भारत जगात पहिला होता. २०२४ मध्ये ८४ बंद्या करून आपण दुसरे आलो, ८५ बंद्यांसह म्यानमार पुढे गेला. तिथे तेव्हा लष्कराचं राज्य होतं.

राईनपाड्याचंच पुन्हा पाहा. ती अफवा एका दुपारी जन्मली नव्हती, कित्येक दिवस आधीपासून भागाभागात भिनत होती. तेवढे दिवस ‘अशी कोणतीही टोळी नाही’ हे गावाला पटेल अशा आवाजात, त्यांच्या बोलीत, सांगायला कोण गेलं? कमी पडलं ते हे. त्या घटनेनंतर व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाच ठिकाणांपलीकडे संदेश पुढे ढकलण्यावर मर्यादा आणली. कुणाचंही नेट न तोडता अफवेचा वेग कमी करायचा तो एक मार्ग होता, आणि तो कंपनीने सरकारच्या दट्ट्यानेच काढला. शिवाय नेट बंद झालं की अफवा थांबते, हे म्हणणारा माणूस खेड्यात राहिलेला नसावा. अफवा नेटच्या आधीपासून पायी चालत आली आहे. नेट गेलं की फक्त तिला खोटं ठरवणारा फोटो, पोलिसांचा खुलासा, ‘मी सुखरूप आहे’ हा निरोप, एवढंच अडतं.

मणिपूरमध्ये तर नेट बंद असण्याने गुन्हा झाकला गेला. ३ मे २०२३ ला तिथे हिंसा सुरू झाली आणि नेट गेलं. ४ मे ला दोन बायकांची विवस्त्र धिंड काढली गेली. त्याची चित्रफीत बाहेर आली १९ जुलैला. अडीच महिने देशाला त्याचा पत्ता नव्हता, आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांना बोलावं लागलं. पोलिसांत तक्रार त्याआधी दोन महिने पडून होती. नेटबंदी अफवांबरोबर पुरावाही अडवते. कोणत्या गोष्टीला ती जास्त वेळ अडवते, हे बंद करणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहतं.

परीक्षांसाठी नेट बंद करणं हा तर निव्वळ आळस. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक भरतीच्या ‘रीट’ परीक्षेला राजस्थानने कित्येक जिल्ह्यांचं नेट बंद ठेवलं. पेपर त्याआधीच फुटलेला होता, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यातला एक स्तर रद्द करावा लागला. पेपर ज्या कपाटातून जातो त्या कपाटाला कुलूप नाही, म्हणून सगळ्या गावाच्या घरांना कुलपं.

कायद्याच्या बाजूने एक धागा अजून लोंबकळतो आहे. २०२० च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की इंटरनेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं याला घटनेचं संरक्षण आहे. पण इंटरनेट मिळणं हाच मूलभूत हक्क आहे का, यावर बोलायचं टाळलं, कारण कुणी तसा युक्तिवादच केला नव्हता. मग ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींपुढे वेगळंच प्रकरण आलं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईला बँकेचं ई-केवायसी करता येईना, कारण यंत्र म्हणत होतं डोळ्यांची उघडझाप करा. न्यायालयाने सांगितलं, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण सरकारी योजना, आरोग्य, शिक्षण आता तिथूनच मिळतं. म्हणजे यंत्राने डोळे मिचकवायला लावले तर जगण्याच्या हक्काला धक्का लागतो. मग यंत्राचीच वायर काढून घेतली तर? हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचणारी याचिका कुणीतरी करायला हवी. वकील मंडळी वाचत असतील तर विषय फुकट घ्या.

तोवर काय, तर मला मोठं काही मागायचं नाही. नेट कधीच बंद करू नका, असंही मी म्हणत नाही. बंद कराल तर आदेश त्याच घडीला, मराठीत, कारण आणि संपायची वेळ लिहून, एसएमएसने आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दवंडीची सोय अजून गावात आहे. ज्या जिल्ह्यात नेट बंद असेल तिथल्या प्रत्येक सरकारी अर्जाची मुदत तितक्या दिवसांनी आपोआप पुढे जावी. ‘अर्ज करून मागा’ असं नको, कारण तोही अर्ज ऑनलाइनच असणार. रेशन दुकानदाराने त्या दिवशी वहीत नाव लिहून, सही-अंगठा घेऊन धान्य द्यावं, आणि त्या वहीला यंत्राइतकाच मान असावा. मजुराची हजेरी मुकादमाच्या मस्टरवर चालावी. ही मस्टरं, या वह्या आपण फेकून दिल्या त्याला फार काळ झालेला नाही. लिहिणारे हात अजून गावात आहेत. पॅकचे दिवस वाढवून मिळायला तर एका परिपत्रकाचं काम आहे.

यावर एका ओळखीच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “अहो, मग बंदीचा खर्च किती वाढेल!” मी म्हटलं, खर्च आत्ताही तेवढाच आहे साहेब, फक्त बिल तुमच्या खात्याकडे येत नाही.

त्या दिवसाच्या बंदीचा आदेश मिळावा म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. आदेश, त्याची कारणं, तपासणी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, एवढंच मागितलं. महिन्याच्या काठावर उत्तर आलं, दोन ओळींचं: मागितलेली माहिती सुरक्षेशी संबंधित व गोपनीय असल्याने देता येत नाही. जो कागद प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे तो गोपनीय कसा, असं विचारत पहिलं अपील दाखल केलं आहे. पोस्टाने, रजिस्टर्ड. पावती जपून ठेवली आहे.